जुन्या फर्निचरमधला साग: मराठवाड्यात कुठे शोधायचा, कसा पारखायचा, कसा सोडवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: औसा तालुक्यातल्या गावात घराच्या ओसरीत सुतारकाम शिकणे चालू आहे. करवत, रंधा, दोन-तीन पटाश्या आणि हातातली ड्रिल मशीन एवढे साहित्य आहे. नव्या सागवानाचा भाव झेपत नाही. जुने फर्निचर घेऊन त्यातून बाक, चौरंग, पुस्तकांची मांडणी करायची आहे. माल कुठे शोधावा आणि घेताना काय बघावे?

जुन्या बाजारात वस्तूकडे वस्तू म्हणून बघितले की फसगत होते. चकाचक पॉलिशचे कपाट आतून भुशाच्या बोर्डाचे निघते, आणि गोठ्यात गव्हाणीला आडवे लावलेले मोडके कवाड पन्नास वर्षे वाळलेला साग असतो. त्यामुळे समोर कपाट असो, पलंग असो की चौकट, प्रश्न तीनच विचारायचे: यात लाकूड कोणते, किती घनफूट, आणि त्यातले कापून-रंधून हाती किती उरेल? या तिन्हींची उत्तरे मिळाल्याशिवाय भाव बोलू नका.

माल कुठे असतो

मराठवाड्यातले सगळ्यात चांगले जुने लाकूड दुकानांत येण्याआधी घरांत असते. माळवदाच्या घराचा सगळा भार लाकडी सांगाड्यावर: खाली दगडी तळखडे, त्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलचनाच्या पट्ट्या आणि वर मातीचा थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यात या जड मातीची धास्ती बसली. तेव्हापासून माळवद उतरवून पत्रा किंवा स्लॅब टाकण्याचे काम आजवर थांबलेले नाही. घर उतरवताना खांब आणि तुळया बहुतेक जण जपून ठेवतात. चौकटी, कवाडे, खिडक्या, देवळ्यांच्या फळ्या आणि जिन्याच्या पायऱ्या मात्र 'किरकोळ' म्हणून एका कोपऱ्यात टाकतात. तुमच्या कामाचा माल त्या कोपऱ्यात आहे.

घरे उतरवण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. पावसाआधी नवे घर झाकायचे असते, त्यामुळे मालकाला जागा मोकळी करून हवी असते आणि सौदा लवकर होतो. पंचक्रोशीतले दोन-तीन गवंडी आणि एखादा जेसीबीवाला ओळखीचा करून ठेवा. कोणाचे घर कधी पडणार हे त्यांना महिनाभर आधी ठाऊक असते. जेसीबी लागण्याआधी पोहोचता आले पाहिजे. मशीनच्या दातात आलेली चौकट मधोमध चिरते, आणि तीच चौकट दोन माणसांनी पहारीने काढली तर अखंड निघते.

दुसरी जागा म्हणजे भंगारवाले आणि जुन्या लाकडाचे अड्डे. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक-दोन असतात. छत्रपती संभाजीनगरला जाफर गेटचा रविवारचा बाजार जुन्या सामानासाठी ओळखला जातो. तिथे सकाळी लवकर गेलात तरच धड काही हाती लागते. अड्डेवाल्याला 'सागवान दाखवा' म्हणू नका, तो तुम्हाला आधीच रंधून, पॉलिश मारून ठेवलेला माल दाखवील आणि भाव नव्याच्या जवळ नेईल. मागच्या बाजूला जळणासाठी रचलेला ढीग बघायला मागा. मोडलेल्या खुर्च्या, फुटकी कवाडे, आखूड तुकडे तिथे क्विंटलवर जातात, आणि चौरंगाला लागणारा तुकडा आखूडच असतो.

तिसरी जागा कचेऱ्या, शाळा, पतसंस्था, ग्रंथालये. निजामाच्या काळापासूनची टेबले, बाक आणि रॅक अजून कुठे कुठे वापरात आहेत. ते बाद करण्याच्या प्रक्रियेला निर्लेखन म्हणतात. त्यानंतर लिलावाची जाहीर सूचना निघते, कार्यालयाच्या फलकावर लागते किंवा स्थानिक वर्तमानपत्रात येते. सरकारी खात्यांचे काही लिलाव आता जेम पोर्टलवरही (सरकारी खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरही) होतात. यात अडचण एकच, माल एकगठ्ठा घ्यावा लागतो: वीस बाकांसोबत चाळीस लोखंडी खुर्च्या आणि मोडके पंखे. एखाद्या भंगारवाल्याला भागीदार करा, लोखंड त्याचे, लाकूड तुमचे. दोघांचेही भागते.

दिवाळीआधीची साफसफाई आणि तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई या दोन वेळा घराघरांतून जुने पलंग आणि कपाटे बाहेर पडतात. लातूरच्या ट्युशन एरियातून (खासगी शिकवण्यांच्या भागातून) परीक्षा संपल्या की मे-जूनमध्ये टेबल आणि कॉटचा ढीग लागतो. स्वस्त असतो, पण बहुतेक लोखंडी नळी आणि पार्टिकल बोर्ड. लाकडाच्या कामाला त्यातले काही येत नाही, गाडीभाडे वाया घालवू नका.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यांतून पाइनची खोकी आणि पॅलेट (माल रचायच्या लाकडी पट्ट्यांच्या चौकटी) निघतात. पॅलेटपेक्षा मशीन बांधून आलेल्या मोठ्या खोक्याच्या फळ्या घ्या, त्या लांब आणि कमी खिळ्यांच्या असतात. आयात-निर्यातीच्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चित्र असलेला शिक्का असतो. त्यात रोमन लिपीत 'एचटी' असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे, ते चालेल. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. घरातल्या वस्तूसाठी ते घेऊ नका. तेलाचे, रसायनाचे डाग असलेली फळीही नको. आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कितीही भक्कम दिसले तरी फर्निचरला वापरू नका. त्यांत क्रिओसोट मुरलेले असते. ते त्वचेला आणि फुप्फुसाला घातक आहे, आणि कितीही रंधले तरी उन्हाळ्यात वास येत राहतो.

पारख

खिशात पाच गोष्टी ठेवा: टेप, बॅटरी, छोटे धारदार चाकू, टोकदार टोचा आणि लोहचुंबक. मालकाला विचारून, न दिसणाऱ्या जागी (कपाटाच्या पायाचा तळ, चौकटीची भिंतीकडची बाजू) चाकूने नखाएवढी चीर काढा. वरचा रंग खोटे बोलतो, ताजी चीर बोलत नाही. सागाची चीर सोनेरी-तपकिरी असते, बोटाला किंचित तेलकट लागते आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. आडव्या कापावर वर्षाची वलये आणि त्यांत ओळीने मोठी छिद्रे दिसतात. शिसव जड, गडद, जांभळट काळ्या रेषांचा. बाभूळ लालसर, इतकी टणक की चाकू सरकतो. कडुनिंब लालसर पण धागा उलटसुलट, रंध्याखाली उपटतो. मात्र कीड त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आंबा फिकट, राखाडी-पिवळट, आणि किडीचे आवडते लाकूड.

वजनानेही कळते. पूर्ण वाळलेला साग घनफुटाला साधारण १८ ते १९ किलो भरतो, पाइन १४ च्या आसपास, बाभूळ आणि शिसव २२ च्या पुढे. मापाने काढलेल्या घनफुटाशी वजन जुळत नसेल तर लाकूड तरी दुसरे आहे, नाहीतर ओले आहे.

कपाट-टेबलात सगळ्यात प्रामाणिक भाग म्हणजे खण. खण पूर्ण बाहेर ओढा आणि उलटा करा. बाजूच्या फळीची वरची कड बघा: पृष्ठभागावरची रेघ कडेवरून वळून पुढे गेली तर लाकूड भरीव आहे. कडेला थर दिसले तर प्लाय, भुसा दिसला तर पार्टिकल बोर्ड, आणि काहीच न दिसता नुसती गुळगुळीत पिवळट-तपकिरी कड असेल तर एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड. मग खणाचे कोपरे बघा. एकमेकांत अडकवलेले दात दिसले तर ते बहुधा हाताने केलेले काम आहे. अशा खणाच्या बाजू साधारण पाऊण इंचाच्या आतबाहेर, सरळ, आणि आतून पॉलिश नसलेल्या असतात. छोट्या पेटीला, मसाल्याच्या डब्याला यासारखा तयार माल नाही. खणाचा तळ मात्र बहुतेक वेळा प्लायचा किंवा आंब्याच्या पातळ फळीचा निघतो, तो हिशेबात धरू नका.

कीड. गोल, टाचणीच्या डोक्याएवढी भोके म्हणजे घुणाची. भोक आतून फिकट आणि खाली मैद्यासारखी बारीक पूड असेल तर कीड जिवंत आहे. भोक काळपट आणि पूड नाही तर बहुधा जुने प्रकरण आहे. खात्री हवी तर तुकडा काळ्या कागदावर महिनाभर ठेवा, नवी पूड पडली तर कळेलच. घुण मुख्यतः फिकट, बाहेरच्या लाकडाला लागतो. सागाचा किंवा बाभळीचा आतला गाभा तो सहसा सोडतो. म्हणून कडेची फिकट पट्टी कापून टाकली की अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. वाळवी वेगळी. ती वरची कातडी शाबूत ठेवून आतून पोकळ करते. हातोडीने ठोकत जा: भरीव लाकूड टणटण वाजते, पोखरलेले बद्द वाजते, आणि टोचा सहज आत जातो.

वाळवी कुठे असते हे ठरलेले आहे. खांबाचा तळखड्यावर टेकलेला भाग, चौकटीच्या खालच्या सहा इंचांपर्यंतचा भाग, उंबऱ्याचा तळ, आणि तुळईचे भिंतीत गाडलेले टोक. भिंतीच्या मातीत ओल धरते आणि वाळवीला झाकलेली वाट मिळते. तुळई घेताना दोन्ही टोकांचा एकेक फूट नाही म्हणूनच माप धरा. मधला भाग चुलीच्या धुराने काळा कुळकुळीत असेल तर घाबरू नका. काजळी वरवरची असते, आणि धुरातले लाकूड किडीपासून बरेचदा वाचलेले असते.

भेगांच्या बाबतीत एक नियम पाळा. लांबीच्या दिशेने गेलेली वरवरची भेग चालते, त्या रेषेवरच कापायचे. आडवी किंवा तिरपी बारीक भेग दिसली तर तो तुकडा भाराच्या कामाला नको. तिथे धागा तुटलेला असतो आणि पायाला लावला तर एक दिवस तिथेच मोडतो.

मापाचा हिशेब

लाकडाचे गणित सोपे आहे: रुंदी इंचात गुणिले जाडी इंचात गुणिले लांबी फुटात, भागिले १४४, म्हणजे घनफूट. उदाहरणार्थ दाराची चौकट, ५ बाय ३ इंच. दोन उभे ७ फुटी, माथा आणि उंबरा साडेतीन-साडेतीन फुटी, एकूण २१ फूट. ५ × ३ × २१ = ३१५, भागिले १४४ म्हणजे जवळजवळ २.२ घनफूट. यातून तळाचा कुजका भाग, कवाड बसायची खाच, बिजागरीची भोके आणि रंध्याखाली जाणारा थर वजा केला की साधारण ५५ ते ६० टक्के उरते. म्हणजे हातात सव्वा घनफूट. मालकाने चौकटीचे समजा २००० रुपये मागितले तर तुम्हाला कामाचे लाकूड घनफुटाला १६०० रुपयांना पडले. त्यात गाडीभाडे आणि आरा मशीनची मजुरी मिळवा आणि मग तालुक्याच्या वखारीतल्या नव्या सागाच्या भावाशी ताडून बघा. जुने लाकूड निम्म्याहून स्वस्त पडले तरच घ्या. त्याच्यावर जाणारे तुमचे दिवस कुठल्याच हिशेबात धरलेले नाहीत.

पॅनेलच्या जुन्या कवाडाचा एक पल्ला साडेसहा फुटी असेल तर उभ्या दोन पट्ट्या आणि आडव्या तीन मिळून साधारण एक घनफूट भरतो, दीड इंच जाडीचा. टेबलाच्या चौकटीला आणि मांडणीच्या उभ्या बाजूंना हे तयार लाकूड आहे. पलंगाच्या लांब पाट्या सहा फुटी, सरळ आणि कमी भोकांच्या असतात. फर्निचरमधून मिळणारा लांब माल बहुतेक तिथूनच मिळतो. खरादावर काढलेले पाय देखणे असतात, पण त्यातून दुसरे काही निघत नाही, पाय म्हणूनच वापरायचे. खुर्चीतून लाकूड काढायला जाऊ नका, सगळे वाकडे आणि आखूड. खुर्ची दुरुस्तच करावी.

एक कळकळीची विनंती. कोरीव चौकट, नक्षीचे हस्त (तुळईखालचे आधार), जुनी बंगई (झोपाळा) किंवा बारीक कामाचा देव्हारा सापडला तर करवत लावू नका. तसे काम करणारे हात आता आपल्या भागात फार थोडे उरले आहेत. ती वस्तू साफ करून तशीच ठेवा, किंवा ज्याला कदर आहे त्याला द्या. शंभर वर्षांहून जुन्या, इमारतीतून काढलेल्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो, त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही.

पावतीशिवाय माल उचलू नका. पडीक वाड्याचे चार वाटेकरी असतात. एकाने विकलेल्या चौकटीवर दुसरा हक्क सांगत येतो. विकणाऱ्याचे नाव, घर नंबर, मालाचे वर्णन आणि सही एवढे कागदावर घ्या. ट्रॉली भरून साग न्यायचा असेल, विशेषतः किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यातून, तर निघण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात वाहतुकीच्या परवान्याचे विचारून घ्या. ट्रॉलीतला साग जुना की ताजा, हे नाक्यावर कागदच सिद्ध करतो.

सोडवणे

घाईत फोडलेले फर्निचर म्हणजे जळण. आधी सगळ्या बिजागऱ्या, कडी-कोयंडे, कुलपे काढा. स्क्रूच्या खाचेत रंग भरलेला असतो, तो टोच्याने कोरून काढल्याशिवाय पेचकस लावू नका, खाच घसरली की स्क्रू कायमचा बसला. अडलेल्या स्क्रूवर पेचकस ठेवून हातोडीचे दोन-तीन ठोके द्या, आधी किंचित घट्ट फिरवा आणि मग उलटा. गंज तुटला की निघतो.

सांध्यावर करवत चालवण्याआधी खुंटी शोधा. जुन्या चौकटीत आणि पलंगात कुसू (एका लाकडाचे बारीक केलेले टोक) दुसऱ्याच्या खाचेत बसवून त्यातून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असते. खुंटीपेक्षा किंचित बारीक लोखंडी सळई घ्या आणि निमुळत्या बाजूने ठोका, खुंटी दुसऱ्या बाजूने बाहेर येते आणि सांधा हाताने सुटतो. खुंटी न काढता सांधा ओढलात तर कुसूच्या बाजूने लाकूड फुटते आणि दोन-तीन इंच लांबी जाते. सांधा चिकटवलेला असेल तर गरम पाण्यात भिजवलेले फडके पंधरा-वीस मिनिटे गुंडाळून ठेवा. जुना सरस मऊ होऊन सुटतो. फेव्हिकॉल लावलेला सांधा असा सहजी सुटणार नाही, तिथे सांध्याला लागून कापणेच शहाणपणाचे.

खिळ्यांना सगळ्यात जास्त वेळ द्यायचा. घडीव चौकोनी खिळे गंजून लाकडात धरलेले असतात. सरळ ओढले तर डोके तुटते आणि धड आत राहते. आधी खिळा एक-दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत ठोका, गंजाची पकड तुटते. मग जंबुराने धरा, जंबुराखाली लाकडाची चिपटी ठेवा आणि थोडा थोडा करत काढा. डोके तुटलेच तर मागच्या बाजूने सळईने ढकला. पॅलेटचे खिळे पिळाचे असतात, ते ओढून निघत नाहीत. दोन फळ्यांच्या फटीत हॅक्सॉचे पाते घालून खिळाच कापा.

सगळे काढून झाले असे वाटल्यावर लोहचुंबक प्रत्येक बाजूने फिरवा. डोके तुटून खोल गेलेला खिळा चुंबकाला लागेलच असे नाही, त्याची खूण वेगळी आहे: सागाच्या आणि बाभळीच्या लाकडात लोखंडाभोवती निळसर काळा डाग पडतो. डाग दिसला आणि भोक दिसत नसेल तर खिळा आत आहे असेच धरा. तिथे खडूने गोल करा. आरा मशीनवाले जुने लाकूड घ्यायला कां-कूं करतात ते याचमुळे, एका खिळ्याने पात्याचे दात जातात आणि तुकडा उडून माणसालाही लागतो. त्यांच्याकडे साफ केलेला, खडूच्या खुणा केलेला माल न्या, आणि पाते बिघडले तर भरपाई कोणाची हे कापण्याआधी ठरवा.

रंध्याआधी तारेच्या ब्रशने माती, चुना आणि काजळी खरवडून काढा. भेगांत अडकलेली वाळू रंध्याची धार दोन फेऱ्यांत घालवते. भिंतीला लागून असलेल्या बाजूचा एक सूत थर तर जुन्या करवतीने किंवा जाड पॉलिश पेपरनेच काढावा.

जुन्या तैलरंगाबाबत सांभाळा. भारतात घरगुती रंगातले शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा हिरवा, पिवळा, तांबडा रंग असेल तर त्यात शिसे आहे असे समजून वागा. कोरडा घासू नका, जाळू नका. पाणी मारून, ओल्या पेपरने किंवा खरवडणीने काढा, एन-९५ मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा आणि लहान मुलांना त्या बाजूला येऊ देऊ नका. नुसते पॉलिश असेल तर कापसावर स्पिरिट घेऊन लावा. चिकट झाले तर ते लाखेचे आहे, स्पिरिटनेच उतरेल.

किडीचा संशय असलेल्या पण कामाच्या लाकडाला रंधून झाल्यावर टाकणखाराचे द्रावण लावा: १ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर. एकदा लावून सुकायच्या आत दुसऱ्यांदा लावा म्हणजे आत मुरते. पॉलिश नसलेल्या, उघड्या लाकडावरच त्याचा उपयोग आहे, पॉलिशवरून लावले तर आत जात नाही, आणि पावसात भिजणाऱ्या वस्तूतून ते धुऊन निघते. पाटासारख्या, अन्न टेकणाऱ्या वस्तूला लावू नका. तिथे किडका तुकडा घेऊच नये. उन्हाने कीड मारण्याचा उपाय पातळ फळ्यांपुरता बरा. कीड मरायला लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता अर्धा तास लागते, आणि आपल्या मे महिन्यातल्या उन्हातही तीन इंची खांब आतून तितका तापत नाही.

साफ झालेले लाकूड लगेच वापरू नका. आडव्या पट्ट्यांवर, मध्ये हवा खेळेल असे रचून ओसरीत दोन-तीन आठवडे राहू द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड कोरडे ठणठणीत होते आणि पावसाळ्यात फुगते. मे महिन्यात फळ्या चौकटीत घट्ट बसवल्या तर ऑगस्टमध्ये चौकट फाकते. रुंद फळीला फुगायला दोन्ही बाजूंना एकेक सूत जागा ठेवा, आणि ती फक्त मधोमध चिकटवा.

एका चौकटीतून बाक

वरच्याच ५ बाय ३ च्या चौकटीचे उदाहरण घेऊ. उभ्या लाकडाचा तळ आणि वरचा सांधा कापला की सहा फूट उरतात. कवाडाची खाच असलेली कड कापून बाजूला केली आणि चारी बाजू साफ केल्या की सव्वाचार बाय पावणेतीन इंच राहते. आरा मशीनवर त्याच्या तीन पट्ट्या करा. दोन कापांत दोन सूत जातात. प्रत्येक पट्टी रंधून नऊ सूत जाड आणि पावणेतीन इंच रुंद होते. दोन उभ्यांतून अशा सहा पट्ट्या, सहा फुटी. तीन इंच जाडीच्या सागात सहा फूट लांब चिरणे हाताच्या करवतीने होते, पण रेषा सुटण्याची भीती फार, त्यामुळे तेवढे मशीनवरच करावे.

चार पट्ट्यांतून चार-चार फूट कापले की बैठक झाली. मधे दोन-दोन सूत फट ठेवली तर रुंदी पावणेबारा इंच. पाचव्या पट्टीतून १६ इंचाचे चार पाय निघतात. चार फूट कापून उरलेल्या दोन-दोन फुटी तुकड्यांपैकी दोनांतून ११ इंचाच्या चार आडव्या पट्ट्या. सहाव्या पट्टीतून पायांना जोडणारी ४२ इंचाची लांब पट्टी. चौकटीच्या माथ्याची दोन्ही टोके भिंतीत शिरलेली असतील तर तो साडेतीन फुटांहून लांब निघतो, दुसरी लांब पट्टी त्यातून. उंबरा बाजूला ठेवा, वर्षानुवर्षे पाय घासून तो मधे झिजलेला असतो. चौरंगाच्या पायांना मात्र उत्तम.

साग तेलकट असल्याने चिकटवण्यात बऱ्याच जणांचे चुकते. सांधा आज रंधून उद्या चिकटवला तर तेल पुन्हा वर येते आणि गोंद धरत नाही. त्याच दिवशी रंधा, ॲसिटोन किंवा थिनरच्या फडक्याने पुसा, उडून जाईपर्यंत पाच मिनिटे थांबा, मग गोंद लावून शिकंजा आवळा. स्क्रू लावणार असाल तर ८ नंबरच्या स्क्रूला आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडा. जुन्या सागात भोकाशिवाय स्क्रू घातला की तो तरी तुटतो, नाहीतर लाकूड तरी चिरते. जुन्या खिळ्यांच्या भोकांत सागाचीच बारीक खुंटी गोंद लावून ठोका आणि वरून सपाट कापा. पुटीने भरलेले भोक दोन पावसाळ्यांनंतर उघडे पडते.

खिळ्यांचे काळे डाग नको असतील तर १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून फक्त डागावर लावा, अर्ध्या तासाने स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा. हे विषारी आहे, हातमोजे घाला, आणि वाळल्यावर उरलेली पांढरी पूड कोरडी घासू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

शेवटचा हात जवसाच्या उकळलेल्या तेलाचा द्या. पातळ लावा, पंधरा मिनिटांनी वरचे सगळे पुसून काढा, एक दिवस थांबून पुन्हा; असे तीन हात पुरतात. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते, आणि चुरगळलेल्या फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेतो, आजूबाजूला रंध्याचा भुसा असतोच. प्रत्येक फडके उलगडून बाहेर दोरीवर वाळत घाला, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावा.